टिटवीचा बंदोबस्त

रविवार, ४ मार्च १९७३

आजपासून रोजनिशी. डॉक्टरांची ऑर्डर. ब्लडप्रेशर वाढले आहे. मीठ बंद, गोळ्या चालू, आणि रोज मनातले लिहून काढायचे. लिहिले की राग कागदावर उतरतो म्हणे. मी म्हटले, मला राग येत नाही. डॉक्टर म्हणाले, आधी टेबल सोडा. टेबल मी धरले होते हे खरे, पण हलकेच.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. मी शांतवन. हायस्कूलचा ड्रिलमास्तर, त्याआधी पलटणीत हवालदार. स्वभावाने शांत, नावच तसे आहे. दूधवाल्याचा हात मी मोडलेला नाही. निखळला. तो दुधात पाणी घालत होता आणि ते दूध दीनाच्या चहात जात होते. म्हणजे जे झाले ते दीनासाठी झाले. तरी दीना दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन नगरला भावाकडे निघून गेली. बायकोसाठी भांडावे आणि बायकोनेच घर सोडावे! हेडमास्तर म्हणाले, सुट्टी लागेपर्यंत रजेवर राहा, मुलांना बरे वाटेल. मला बरे वाटेल असे त्यांना म्हणायचे असणार.

दीनाचा भाऊ फिलिप निरोप घेऊन आला होता. ती ईस्टरला येऊन बघणार. तोवर माझा हात आवरलेला दिसला तर राहणार. ईस्टरला खूप अवकाश आहे. हात आवरायला मला एक आठवडा पुरे.

डॉक्टरांचा आणखी एक उपाय: देवळाली प्रवरेच्या खाली नदीकाठी कोणी आप्पासाहेबांनी निसर्ग केंद्र काढले आहे. तिथे जाऊन बसा, पाखरे बघा, मन निवते. ठीक. उद्यापासून.

मंगळवार, ६ मार्च

काल सायकल पंक्चर. आज गेलो.

केंद्र म्हणजे एक पत्र्याची शेड. नदीच्या अंगाला तट्ट्याची भिंत, तिला डोळ्यांच्या उंचीवर भोके. आत बाकडे. दुर्बीण सुतळीने खुंटीला बांधलेली. दुष्काळाने नदी वाळून गेली आहे, फक्त बंधाऱ्याखालचा डोह शिल्लक. त्यामुळे आसपासचे झाडून सगळे जीव पाण्याला इथेच येतात.

आप्पासाहेब शुगर फॅक्टरीत केमिस्ट होते. रिटायर झाल्यावर स्वतःच्या शेताच्या कडेला हे केंद्र काढले. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. इतके हळू बोलतात की पुन्हा विचारावे लागते. दारावर त्यांची पाटी आहे: १. शांतता राखा. २. दगड मारू नये. ३. प्राण्यांच्या भांडणात पडू नये. तिसरा नियम वाचून हसू आले. कोण पडेल?

खंड्या बघितला. निळा, देखणा. सूर मारून मासा आणला आणि दगडावर आपटू लागला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. मासा मेला तरी आपटतोय. आप्पासाहेब कानाशी लागून म्हणाले, ‘‘हाडं मऊ करतोय. गिळायला बरं.’’ चेहऱ्यावर असे समाधान, जणू देवळात बसले आहेत.

छातीत धडधडत घरी आलो. पहिला दिवस आहे. सवय होईल.

शुक्रवार, ९ मार्च

विरोळ्याने, म्हणजे पाणसापाने, बेडूक धरला. मागच्या पायाकडून. बेडूक ओरडत होता आणि हळूहळू आत जात होता. आप्पासाहेब म्हणाले, ‘‘अजून बराच वेळ जिवंत असतो आत.’’ मी भिंतीच्या भोकातून दगड टाकला. टाकला म्हणजे मारला नाही, हातातून सुटला. तो तट्ट्याला लागून परत आला आणि आप्पासाहेबांच्या थर्मासवर बसला. आत काच होती.

आप्पासाहेब काही बोलले नाहीत. पाटीकडे फक्त बघितले. अशी माणसे मला आवडत नाहीत. बोलायचे असेल तर बोलावे.

रविवार, ११ मार्च

चर्चला गेलो. पाळकसाहेबांचा उपदेश: एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा. उत्तम उपदेश. अनेकांना गरज होती. मी मागे वळून कोणाकोणाला गरज आहे ते बघून घेतले.

गुरुवार, १५ मार्च

शिकऱ्याने साळुंकी पकडली. जिवंतपणीच छातीची पिसे उपटायला सुरुवात. पिसे वाऱ्यावर उडून आमच्या भोकापर्यंत आली. साळुंकीचा जोडीदार वरून आरडाओरडा करतोय, पण जवळ जायची हिंमत नाही. मी त्याला ‘‘अरे, धर त्याला!’’ असे ओरडून सांगितले. नियम एकचा भंग झाला, मान्य. पण असला नवरा काय कामाचा?

आप्पासाहेब लाह्या खात बघत होते. ‘‘आता काळीज काढील,’’ म्हणाले, आणि लाह्यांची पुडी माझ्यापुढे केली. पुढच्या वेळी घरच्यांनाही घेऊन या, असेही म्हणाले. या सद्गृहस्थाला घरचे कोणी ओळखून आहे की नाही, देव जाणे.

निश्चय: फक्त शाकाहारी पक्षी बघायचे.

शनिवार, २४ मार्च

शाकाहारी पक्षी कंटाळवाणे असतात. होले दिवसभर एकमेकांना मान हलवून दाखवतात.

पण आज एक गोष्ट घडली. डोहाच्या कडेने गोट्यांतून चालत होतो, तर टिटवी थेट डोक्यावर चालून आली. ओरडत, गिरकी घेत, पुन्हा चालून. टोपी पाडली माझी! मी खाली बघितले तर बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी. नुसत्या गोट्यांत. घरटे नाही, काडी नाही, आडोसा नाही. गोट्यांसारखीच मातकट, काळे ठिपके. दुसरा कोणी असता तर पाय पडला असता. माझी नजर पलटणीतली.

मागे सरलो आणि तिला सॅल्यूट ठोकला. खरोखर. एवढीशी बाई, पण उघड्या मैदानावर पोस्ट सोडत नाही. नर पाण्यात पोट भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो, म्हणजे उन्हाने ती तापू नयेत. मग ती जाते, ती भिजून येते. ड्यूटी बदल एकदम वेळेवर.

आप्पासाहेबांनी सांगितले, ईस्टरच्या सुमारास पिले बाहेर येतील. म्हणजे ज्या दिवशी दीना येणार, त्याच वेळी. दीनाला हेच दाखवायचे. ती बाकड्यावर माझ्या शेजारी बसली आहे, अंडी फुटताहेत, मी गप्प. ठरले.

मंगळवार, २७ मार्च

बंदोबस्त. अंड्यांभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. आप्पासाहेबांनी ते काढले. त्यांचे म्हणणे, कुंपण दिसले की कावळ्यालाही कळते, इथे काहीतरी आहे. मी म्हटले, मग काठी घेऊन मी उभा राहतो. ते म्हणाले, नियम तीन. मी म्हटले, हे भांडण नाही, संरक्षण आहे. ते हळू आवाजात काहीतरी बोलले. मी पुन्हा विचारले नाही.

काठी घरून आणली आहे. पलटणीतली, पितळी टोकाची. फक्त टेकायला.

शुक्रवार, ३० मार्च

राहीबाई नावाची बाई रोज शेळ्या डोहावर आणते. नवरा नाही. सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडते, दुपारी शेळ्या. तिचा बोकड अंड्यांच्या रोखाने निघाला. मी शिस्तीत त्याला वळवले. काठीचे टोक त्याच्या बरगडीला जरा लागले. त्यावर ती बाई कमरेला पदर खोचून आली.

‘‘मास्तर, माझ्या जनावराला पुना हात लावशीला, तर हात काडून हातात दीन!’’

मी तिला समजावले की इथे टिटवीची अंडी आहेत.

‘‘टिटवीला अंडी हायती, मला पोरं न्हाईत व्हय? ह्यो बोकड मला पोरावानी हाय. लई कळवळा असंल, तर तुमीच बसा की अंड्यावर!’’

वर हातातली काठी माझ्या पोटरीवर हाणली. मी उलट हात उचलला नाही. स्त्री आहे, शिवाय ईस्टर जवळ आला आहे. पोटरी सुजली आहे. माझ्या संयमाची नोंद व्हावी म्हणून लिहितो.

मंगळवार, ३ एप्रिल

आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

दुष्काळात गावोगावची मोकाट कुत्री टोळी करून फिरताहेत. मेलेली जनावरे खाऊन त्यांना चटक लागली आहे. दुपारी पाच-सहा कुत्री करपलेल्या उसातून बाहेर आली आणि राहीबाईच्या शेळ्यांत घुसली. एका करडाला दोघांनी दोन्हीकडून धरून ओढले. ते फाटले. दुसरा शब्द नाही. राहीबाई दगड मारत होती, ओरडत होती. एक कुत्रे तिच्याही लुगड्याला लटकले. एक पिवळे कुत्रे मात्र तिकडे न जाता सरळ टिटवीकडे वळले. टिटवी त्याच्या डोळ्यांवर झेप घेत होती.

मी शेडमधून बाहेर पडलो. कसा, आठवत नाही. तट्ट्याला आता माझ्या आकाराचे भोक आहे. पिवळ्याच्या कमरेत पहिला फटका. ते मागचे पाय ओढत पाण्याकडे सरकू लागले. मग राहीबाईच्या लुगड्याला लटकलेले. त्याचा जबडा गेला. बाकीची पळाली. मी पिवळ्याकडे परत आलो आणि काम पुरे केले.

अंडी शाबूत. टिटवी लगेच जाऊन बसली, जणू काही झालेच नाही.

राहीबाई करडाचे मुंडके मांडीवर घेऊन बसली होती. पदराने त्याचे डोळे पुसत होती. म्हणाली, ‘‘लई बरं केलं मास्तर. तुमी नसता, तर माझ्या पायाचं तुकडं झालं आसतं.’’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘पन त्ये कुत्रं मेल्यावर बी तुमी मारीत हुता.’’

अडाणी बाई. शत्रू मेला की नाही, याची खात्री करावी लागते.

आप्पासाहेब शेडच्या कोपऱ्यात ओकत होते. विरोळ्याने बेडूक गिळलेला चालतो, आणि हे नाही चालत.

गुरुवार, ५ एप्रिल

डॉक्टरांकडे गेलो. ब्लडप्रेशर नॉर्मलच्या जवळ! डॉक्टर चकित. म्हणाले, बघा, निसर्गाचा परिणाम. मीही तेच म्हणालो. झोपही छान लागते आहे. तेव्हा निष्कर्ष उघड आहे. माणसाने योग्य कारणासाठी काठी उचलली, तर ती प्रकृतीला चांगली. डॉक्टरांना सांगितले नाही, त्यांना वैद्यकशास्त्र बदलावे लागेल.

दीनालाही हे समजावून सांगायचे. पण हळूहळू.

बुधवार, ११ एप्रिल

आप्पासाहेबांनी केंद्रात यायला मनाई केली. कारण क्षुल्लक. मुंगूस अंड्यांच्या दिशेने निघाले होते. मी काठी घेऊन निघालो. आप्पासाहेब दारात हात पसरून उभे राहिले. आज एकदम मोठ्याने बोलले. मला माहीतच नव्हते, त्यांना येते.

‘‘मास्तर, जगली तर त्यांची ती जगतील! मेली तर मरतील! तुम्ही कोण?’’

मी त्यांना फक्त बाजूला केले. त्यांच्यामागे उतार होता आणि उताराखाली डोह होता, यात माझा काय दोष? पाणी कमरेइतकेच. चष्मा मीच शोधून दिला. एक काच होती त्यात.

मुंगूस या गडबडीत निघून गेले. म्हणजे बंदोबस्त यशस्वी.

रविवार, १५ एप्रिल. झावळ्यांचा रविवार

दीना पुढच्या रविवारी येणार, आणि केंद्र बंद. आज झावळी हातात घेऊनच चर्चमधून सरळ आप्पासाहेबांच्या घरी गेलो. म्हटले, झाले ते झाले, मी मनात काही ठेवलेले नाही. त्यांनी एका काचेतून माझ्याकडे बघितले. मी दीनाचे सांगितले. ती येणार आहे, तिला अंडी फुटताना दाखवायची आहेत. ती नाही राहिली तर घरात मी आणि गोळ्यांची बाटली. हे मी बोलणार नव्हतो, तोंडातून गेले.

त्यांनी पाणी दिले. म्हणाले, या. पण काठी माझ्याकडे द्यायची.

दिली. मग कंपाउंडच्या बाहेर आल्यावर लक्षात आले की टेकायला काहीतरी लागतेच. वाटेत सुताराकडून कुऱ्हाडीचा दांडा घेतला. निव्वळ टेकायला.

रविवार, २२ एप्रिल. ईस्टर, सकाळी

प्रभू उठला आहे!

दाढी दोनदा केली. खाकी शर्टाला स्टार्च. दीना फिलिपबरोबर दहाच्या एसटीने आली. थोडी बारीक झाली आहे. चर्चमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर बसली, मध्ये फिलिप. मी गाणी हळू आवाजात म्हटली. बाहेर दूधवाला दिसला, हात गळ्यात. मी त्याला नमस्कार केला. दीनाने ते बघितले. मला वाटते, तिथेच निम्मे काम झाले.

कालच आप्पासाहेब म्हणाले, अंड्यांतून चिवचिव ऐकू येते आहे. आज फुटणार. आता जेवून निघतो. आज मी जागेवरून हलणार नाही. वाघ आला तरी नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

क्रमाने लिहितो.

आम्ही चौघे शेडमध्ये. दीना माझ्या शेजारी. दुर्बीण मी तिला दिली. एका अंड्याला चीर पडली होती, त्यातून चोच दिसत होती. दीनाने माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘‘अहो, बघा ना, केवढुशी,’’ म्हणाली. फिलिपसुद्धा हसला. हे सगळे झाले, ते कोणी नाकारू नये.

मग घोरपड आली. डोहाच्या कडेने, जीभ आतबाहेर करत. मोठी, हातभर शेपटी. टिटवी तिच्यावर तुटून पडली. नरही आला. घोरपड डोळे मिटायची आणि पुढे यायची. डोळे मिटायची आणि पुढे यायची.

मी बसून राहिलो. खरेच बसून राहिलो. दीनाचा हात मनगटावर होता. ‘‘बसा,’’ ती म्हणाली. आप्पासाहेब म्हणाले, ‘‘मास्तर, बसा. कधी कधी हाकलते ती.’’ घोरपड पहिल्या अंड्यापाशी पोचली. टिटवी तिच्या पाठीवर चोची मारत होती, आणि मी बसलेला.

मग मी बाहेर होतो आणि दांडा हातात होता.

पहिला फटका मानेवर. फिलिप म्हणतो, घोरपड त्यातच गेली. शेपटी हलत होती ना? शेपटी हलत असेल, तर कसे म्हणायचे गेली? मी मारले. शेपटी थांबली तरी मारले. मागून कोणी ओरडत होते, मला वाटले टिटवी. ती दीना होती.

हात दुखला तेव्हा थांबलो. खाली घोरपडीचे काही राहिले नव्हते. तिच्या खाली अंडी होती. चारही. चोच दिसत होती त्या अंड्याचे पिलू गोट्याला चिकटलेले. त्याला पाय होते. एवढे लांब पाय असतात त्यांना, मला माहीत नव्हते.

टिटवी डोक्यावर आदळली. पुन्हा आदळली. कपाळ फुटले. मी दांडा टाकला आणि खाली बसलो. तिला हवे तेवढे मारू दिले.

दीना जवळ आली. तिने पदर ओला करून माझे कपाळ पुसले. मला वाटले, झाले, राहते आता. ती म्हणाली, ‘‘तुम्ही तिच्यासाठीच धावलात. मला ठाऊक आहे. माझ्यासाठीही नेहमी असेच धावता.’’ आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही सुचले असते.

पाचच्या एसटीने दोघे नगरला गेले. फिलिप म्हणाला, ‘‘दाजी, आता येऊ नका तिकडे. ती कळवील.’’ गाडी सुटेपर्यंत मी सावधानमध्ये उभा होतो.

मंगळवार, २४ एप्रिल

नीट विचार करता, दोष घोरपडीचा. ती अंड्यांवर आडवी नसती, तर प्रश्नच नव्हता. दुसरे, सुताराचा दांडा. माझी काठी असती, तर पहिल्या फटक्यात निकाल लागला असता आणि शेपटी हलली नसती. काठी आप्पासाहेबांनी काढून घेतली होती. म्हणजे.

पुढचे लिहिले नाही.

बुधवार, ९ मे

सुट्टी लागली. घरी कोणी नाही. दीनाकडून काही कळले नाही.

राहीबाई रस्त्यात भेटली. ‘‘कपाळ बरं हाय का?’’ म्हणाली. शेळ्या मात्र माझ्यापासून लांबून वळवून नेल्या. बोकडाला तर तिने मानेला धरून नेले.

केंद्रावर गेलो. आप्पासाहेबांनी नवा चष्मा केला आहे. तट्ट्याला ठिगळ लावले आहे. आम्ही बाकड्यावर बसलो. खंड्याने मासा आपटला. दोघांनीही मान वळवली.

मग ते आपणहूनच म्हणाले, टिटवीने पुन्हा अंडी घातली आहेत.

मी विचारले, कुठे?

ते म्हणाले, ‘‘चहा घेता का?’’